नको म्हटलेलं सिम आणि वसुलीचे फोन

पत्र:

ताई, नमस्कार.

साधारण दोन वर्षांपूर्वी मी कामासाठी एक पोस्टपेड नंबर घेतला. त्या वेळी कंपनीच्या माणसाने सोबत आणखी एक ‘ॲड-ऑन’ सिम पुढे केलं. मला नको, असं मी दोनदा सांगितलं. ‘मॅडम, फ्री आहे, घेऊन तर जा, वापरलं नाही तर आपोआप बंद होईल,’ असं म्हणून त्याने पाकीट हातात ठेवलं. फोटो नीट आला नाही म्हणून त्याने तो दुसऱ्यांदा काढला, ओटीपीही दोनदा विचारला. ते पाकीट मी आजवर फोडलेलं नाही. माझ्या मूळ नंबरचं बिल मी वेळच्या वेळी भरलं आणि नंतर तो नंबर रीतसर बंद केला. आता त्या दुसऱ्या नंबरचे ४,७०० रुपये थकलेत म्हणून रोज वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात. मागच्या आठवड्यात एकाने माझ्या सासूबाईंना फोन करून ‘तुमच्या सुनेच्या नावाने वॉरंट निघालंय, पोलीस घरी येतील’ असं सांगितलं. त्या रात्रभर झोपल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर लोक अदालतीची म्हणून एक नोटीसही आली आहे. नवरा म्हणतो, पैसे टाक आणि मोकळी हो. मला ते पटत नाही, पण भीतीही वाटते. पुढे घरासाठी कर्ज काढायचंय. काय करू?

– एक वाचक

उत्तर:

सगळ्यात आधी सासूबाईंजवळ बसा. कंपनीला पत्र, तक्रार, नोटिशीला उत्तर हे सगळं उद्या केलंत तरी चालेल, पण त्यांच्या मनातली पोलिसांची भीती आजच काढा. त्यांना सरळ सांगा की मोबाईलचं बिल थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी व्यवहार आहे, म्हणजे पैशाच्या देण्याघेण्याचा वाद. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत, अटक होत नाही. वॉरंट काढायचा अधिकार न्यायालयाला असतो, कंपनीला किंवा वसुलीवाल्याला नसतो. त्या माणसाने म्हाताऱ्या बाईला खोटं सांगून घाबरवलं, कारण घाबरलेलं घर लवकर पैसे भरतं. वाचून मला त्याची चीड आली, आणि तुम्हालाही येऊ द्या. अपराधी वाटून घ्यायचं तुम्हाला काहीच कारण नाही.

पुन्हा फोन आला तर सासूबाईंनी एवढंच म्हणायचं: ‘जे काही असेल ते सुनेला लेखी पाठवा.’ आणि फोन ठेवायचा. सुनेची बाजू मांडायची नाही, सून कुठे काम करते ते सांगायचं नाही, तुमचा दुसरा नंबर द्यायचा नाही. त्यांचा नंबर बहुधा तुमच्या अर्जात पर्यायी नंबर म्हणून लिहिलेला असणार. पर्यायी नंबर दिला म्हणजे ती व्यक्ती जामीन राहिली असं होत नाही. तुमच्या बिलाशी त्यांचा कायद्याने काडीचाही संबंध नाही.

आता हे फोन करणारे कोण, ते समजून घ्या. थकलेल्या बिलांच्या याद्या कंपन्या बाहेरच्या वसुली एजन्सीकडे देतात. फोनवरच्या मुलासमोर साधारणपणे तुमचं नाव, एक रक्कम आणि दोनतीन नंबर एवढंच असतं. तुमचा मूळ अर्ज त्याच्याकडे नसतो. तुम्ही सिम नको म्हणाला होतात, पाकीट तसंच पडून आहे, हे त्याला कितीही समजावलंत तरी तो बिल कमी करू शकत नाही की रद्दही करू शकत नाही. उद्या त्याच्या जागी दुसरा येईल आणि पहिल्यापासून सुरुवात करेल. म्हणून एजंटाला पटवत बसू नका. तुमचा वाद कंपनीशी आहे, तो कंपनीशीच करायचा आणि लेखी करायचा. या उत्तरात मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

फोन आलाच तर शांतपणे त्याचं नाव, एजन्सीचं नाव, कोणत्या कंपनीच्या वतीने बोलतोय हे विचारा. कंपनीने दिलेलं अधिकारपत्र ईमेलवर पाठवायला सांगा. मग म्हणा, ‘ही रक्कम मला मान्य नाही, मी कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे, यापुढे फक्त लेखी बोला.’ तो आवाज चढवेल. तुम्ही चढवू नका, फोन ठेवा. तारीख, वेळ, नंबर आणि तो काय बोलला हे एका वहीत लिहून ठेवा. कॉल रेकॉर्ड होत असेल तर उत्तमच. फक्त मूळ रेकॉर्डिंग त्याच फोनमध्ये राहू द्या. पुढे पुरावा म्हणून ते द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो पुढचा भाग झाला.

काही गोष्टी मात्र चुकूनही करू नका. ‘आत्ता पाचशे रुपये टाका, बाकी माफ करून देतो’ असं कुणी म्हणालं तर टाकू नका. थकबाकीसाठी दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी तुम्ही थोडी रक्कम भरलीत किंवा सही करून देणं कबूल केलंत, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ही ३ वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. व्हॉट्सॲपवर सहज लिहिलेलं ‘हो, पुढच्या महिन्यात बघते’ हेसुद्धा उद्या कबुली म्हणून दाखवलं जाऊ शकतं. तसंच चेक देऊ नका, पुढच्या तारखेचा तर अजिबात नको. बिल थकणं दिवाणी बाब आहे, पण दिलेला चेक परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं (चेकबाबतच्या कायद्याचं) कलम १३८ लागू शकतं आणि ते प्रकरण फौजदारी होतं. एका कागदाच्या तुकड्याने तुम्ही स्वतःला अडचणीत टाकाल. आणि एजंटाने पाठवलेल्या लिंकवर किंवा त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. आधार कार्डाचा फोटो, ओटीपी हे तर नाहीच. वसुलीच्या नावाखाली सरळ सरळ फसवणूक करणारे लोकही असेच फोन करतात आणि फोनवर दोघांमधला फरक कळत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा.

एक गैरसमज दूर करते, कारण तो सगळीकडे पसरलाय. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. तो बँका आणि वित्तसंस्थांना लागू आहे. हँडसेट हप्त्यावर घेतला असेल तर त्या कर्जाच्या वसुलीला लागू होईल. तुमचं देणं मोबाईल कंपनीच्या बिलाचं आहे, त्यामुळे त्या नियमावर बोट ठेवून भांडलात तर समोरचा तुम्हाला खोडून काढेल. तुमच्या हातात त्याहून भक्कम गोष्ट आहे. खोट्या वॉरंटची भीती घालून पैसे मागणं, धमकावणं, शिवीगाळ करणं, नको म्हटल्यावरही घरात घुसणं, हे कोणीही केलं तरी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, धाक दाखवून पैसे उकळण्यासाठी ३०८ आणि घरात अनधिकृत घुसण्यासाठी ३२९ आहे. सासूबाईंना आलेला फोन पहिल्या दोन्हींत बसू शकतो. ज्या नंबरवरून तो आला तो नंबर, तारीख, वेळ लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोहोच घ्या. अर्जाची एक प्रत कंपनीलाही जाऊ द्या. आपल्या नावाने बाहेर काय चाललंय याचा कागद समोर आला की कंपनीला गप्प राहणं जड जातं.

आता मुख्य काम. कंपनीच्या ग्राहक सेवा ईमेलवर तक्रार पाठवा. भाषा साधी ठेवा, राग बाजूला ठेवा. साधारण असं लिहा:

‘माझ्या नावावर अमुक नंबरचं पोस्टपेड कनेक्शन दाखवून ४,७०० रुपये मागितले जात आहेत. हे कनेक्शन मी मागितलेलं नाही, नको असं त्याच वेळी सांगितलं होतं. सिमचं पाकीट न उघडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आहे. ही रक्कम मला मान्य नाही. कृपया पुढील गोष्टी द्याव्यात: माझ्या संमतीसह असलेला मूळ ग्राहक अर्ज, केवायसीचा फोटो आणि त्याची वेळ, कनेक्शन सुरू झाल्याची व बंद झाल्याची तारीख, प्रत्येक महिन्याचं तपशीलवार बिल आणि या नंबरवरून झालेल्या वापराचा तपशील. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी. माझ्या नातेवाइकांना फोन करू नयेत. क्रेडिट कंपन्यांकडे ही थकबाकी नोंदवली असल्यास ती दुरुस्त करावी.’

या मागण्यांमध्ये दोन गोष्टी खऱ्या वजनाच्या आहेत. पहिली, फोटोची वेळ. फोटो नीट आला नाही, ओटीपी पुन्हा सांगा, असं म्हणून एकाच वेळी दोन कनेक्शन चालू करायची युक्ती विक्रेते वापरतात. दोन्ही अर्जांवरच्या वेळेत काही मिनिटांचंच अंतर निघालं, तर तुमच्या म्हणण्याला मोठा आधार मिळतो. दुसरी, वापराचा तपशील. एकही कॉल नाही, एक एमबीही डेटा नाही, असा नंबर महिनोन्‌महिने बिल काढत राहिला, हे कंपनीच्या स्वतःच्या नोंदीतूनच सिद्ध होईल. म्हणून ते पाकीट फेकू नका, उघडूही नका. त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, सिमचा छापील क्रमांक दिसेल असा एक जरूर घ्या. मूळ नंबरच्या बिलांच्या पावत्या आणि तो बंद केल्याचा मेसेजही शोधून ठेवा.

तक्रार केली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक मिळतो. तो मिळाला नाही तर मागून घ्या, त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कंपनीत दोन पातळ्या असतात: आधी तक्रार केंद्र, आणि तिथे समाधान झालं नाही तर अपील प्राधिकरण. अपिलाला फी नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. अपील करायला मर्यादित दिवस असतात, तेव्हा पहिलं उत्तर आलं की ते बाजूला ठेवून देऊ नका. बरेच लोक थेट ट्रायलाच पत्र लिहितात आणि उत्तराची वाट बघत बसतात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनी ढिम्म राहिली तर दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवरही. माझ्या मते एवढ्या रकमेची बरीच प्रकरणं इथेच मिटायला हवीत.

नाही मिटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ते जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात जाता येतं असं स्पष्ट केलंय. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करू शकता, ऑनलाईनही करता येते, वकील लागतोच असं नाही आणि तुमच्या प्रकरणाएवढ्या रकमेला फी नाही. फक्त २ वर्षांची मुदत ध्यानात ठेवा. तुमचं सिम साधारण तेवढंच जुनं आहे. मुदत नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर राहू नका. कंपनीचं शेवटचं उत्तर आलं की महिनाभरात ठरवा.

लोक अदालतीच्या नोटिशीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. राष्ट्रीय लोक अदालतीच्या आधी मोबाईल कंपन्या थकीत बिलांची प्रकरणं दावा दाखल होण्यापूर्वीच तिथे ठेवतात आणि लोकांना नोटिसा जातात. वर न्यायालयाचं नाव, खाली शिक्का, बघून पोटात गोळा येतो. पण तिथे शिक्षा होत नाही, सक्तीने निकालही दिला जात नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलं तरच तडजोड होते. तुम्हाला मान्य नसेल तर तसं सांगून बाहेर पडता येतं आणि प्रकरण होतं तिथेच राहतं. मात्र तडजोडीच्या कागदावर सही केलीत तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नाही. म्हणून ‘इथे सही करा, घरी जा’ असं कुणी घाईत म्हणालं तरी प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

त्याच नावाशी मिळतीजुळती दुसरी एक यंत्रणा आहे: स्थायी लोक अदालत. टेलिफोन सेवा तिच्या कक्षेत येते, आणि तिथे तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकाल देऊ शकते. तेव्हा नोटिशीवर ‘स्थायी’ हा शब्द आहे का ते आज रात्रीच बघा. असेल तर तारखेला जायलाच हवं, तुमचं म्हणणं लेखी घेऊन आणि कागदांच्या प्रती घेऊन. नसेल तरी वेळ काढता आला तर जा. तिथे कंपनीचा माणूस समोरासमोर असतो, रक्कम शून्यावर आणायची मागणी तुम्ही थेट करू शकता.

पण त्याआधी नोटीस खरी आहे का ते तपासा. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर कुणीही शिक्का चिकटवू शकतो. नोटिशीवर छापलेल्या मोबाईल नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच असेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जाऊन प्रकरण क्रमांक दाखवा. जाणं जमत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाईनवर विचारा. आणि हे लक्षात असू द्या की स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तो मागायला संकोच करू नका.

वकिलाची नोटीस आली तर तीही फक्त एका वकिलाने लिहिलेलं पत्र असतं. तरी उत्तर द्या, चार ओळींचं: रक्कम अमान्य, तक्रारीचा डॉकेट क्रमांक अमुक, कागद मागितले ते मिळालेले नाहीत. खरोखर न्यायालयाचं समन्स आलं तर मात्र दुर्लक्ष अजिबात नको. ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने किंवा सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या खास क्रमांकाने) पडताळता येतं. दिवाणी दाव्यात लेखी उत्तर द्यायला साधारणपणे ३० दिवस मिळतात. तुम्ही गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल होऊ शकतो, आणि तो नंतर फिरवणं फार त्रासाचं असतं.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे, घरात शांतता हवी आहे त्यांना. पण आत्ता घाईने पैसे भरणं मला पटत नाही. भरलेत की तुम्ही ते देणं मान्य केलंत असं होईल, आणि एजंटाशी कमी रकमेत मिटवलंत तर क्रेडिट अहवालात ते खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसू शकतं. गृहकर्ज देणाऱ्या बँकेला हा शेरा आवडत नाही. शांततेसाठी भरलेले पैसे कर्जाच्या टेबलावर तुम्हालाच अडवतील.

तरीही एक शक्यता मी झाकून ठेवणार नाही. कंपनीने तुमच्या ओटीपीसह संमतीचा अर्ज दाखवला आणि अपिलातही तुमच्या बाजूने निर्णय आला नाही, तर लढत राहायचं की मिटवायचं हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. मिटवायचं ठरलं तर विलंब आकार आणि वापर नसलेल्या महिन्यांचं भाडं माफ करायची मागणी लेखी करा. उरलेली रक्कम फक्त कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर भरा, आणि भरण्याआधीच लिहून घ्या की खातं ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवलं जाईल व थकबाकी नसल्याचं पत्र मिळेल. यात हार मानल्यासारखं काही नाही. फक्त तो निर्णय सगळे कागद बघून झालेला असावा.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही आजच बघून घ्या. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडा. वादातलं सिम बंद झालं असेल तर ते यादीत दिसणार नाही, पण त्या दिवशी तिसरं काही चालू केलं गेलं नाही ना, याची खात्री होईल.

गृहकर्जाची काळजी रास्त आहे. पोस्टपेड थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात येऊ शकते. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही मागवा, कारण एकात नसलेली नोंद दुसऱ्यात असू शकते. हे खातं कुठे दिसलं तर त्याच संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि तक्रारीची प्रत जोडा. ३० दिवसांत निकाल लागायला हवा. बँकेत कर्जाचा अर्ज करण्याच्या दोनतीन महिने आधी हे उरकलेलं असू द्या, आणि नोंद तोवर निघाली नसेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला डॉकेट क्रमांक आणि पत्रव्यवहाराची फाईल तुम्ही स्वतःहून आधी दाखवा.